आम्हाला नुसतं बीफ नको, चांगलं बीफ हवं

"हिमोग्लोबिन साडेआठ आहे. पालक खा, बीट खा, खजूर खा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"बीफ खाल्लं तर चालेल?" मी विचारलं.

त्यांचं पेन थांबलं. "ते कशाला? परवडत असेल तर मटणाची कलेजी खा."

परवडत असेल तर! माझी फेलोशिप चार महिने थकलेली होती. तंजावरच्या बाजारात एक किलो मटणाच्या पैशात दोन किलोंहून जास्त बीफ येतं. लोह, बी-१२, प्रथिनं दोन्हींत आहेत. म्हणजे वैद्यकशास्त्र आणि माझा खिसा दोघंही एकाच दुकानाकडे बोट दाखवत होते. फक्त त्या दुकानाचं नाव दवाखान्यात घ्यायचं नव्हतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात ५४.२ टक्के, तामिळनाडूत ५३.४ टक्के. या आकड्यांवर परिषदा होतात, गोळ्या वाटल्या जातात. पण सर्वात स्वस्त लाल मांस बायकांना चांगल्या स्थितीत कुठं मिळेल, हा प्रश्न कुणी विचारत नाही. या लेखात मी तेवढाच प्रश्न विचारणार आहे.

मी लातूर जिल्ह्यातली. घरातली पहिली पदवीधर, समाजशास्त्रात एम. ए. आणि गेली दीड वर्षं कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या गावांत शेतमजूर बायकांवर पीएच. डी.चं फिल्डवर्क करतेय. तंजावर म्हटलं की मराठी वाचकाला सरफोजीराजे आठवतात, सरस्वती महाल आठवतो, बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसल्यांचा मराठी शिलालेख आठवतो. सांबाराचं नाव संभाजीराजांवरून पडलं ही गोष्ट तर आपल्याकडे प्रत्येक खानावळीत ऐकायला मिळते. चेरी हा शब्द मात्र आपण ऐकलेला नसतो. चेरी म्हणजे इथला महारवाडा, मांगवाडा. गावाबाहेर, बहुतेक वेळा कालव्याच्या पलीकडे.

इथं आल्यावर खोली शोधताना एक तंजावरी मराठी घरमालक भेटले. तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या घराण्यातले. त्यांचं ते जुनं, तमिळ हेल असलेलं मराठी ऐकून मला भरून आलं. "आपलीच मुलगी," म्हणून त्यांनी कॉफी दिली. मग आडनाव विचारलं. मग जेवणाखाण्याचं विचारलं. मी खोटं बोलले नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला, खोली पुतण्याला दिली. आमची भाषा एक होती, पण ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच. शेवटी मला खोली दिली ती एका तमिळ अक्कांनी, ज्यांच्या घरात रविवारी माट्टुक्करी, म्हणजे बीफ, शिजतं.

आता एक कबुली देते. मला रस्सा नको होता. मला स्टेक हवा होता.

हसू नका. पुण्यात एम. ए. करताना एका वर्गमैत्रिणीनं वाढदिवसाला मोठ्या हॉटेलात नेलं होतं. काट्या-चमच्यांच्या गर्दीत एक जाड, बिनहाडाचा, दोन्ही बाजूंनी भाजलेला तुकडा समोर आला. म्हशीचा होता. मेनूवर बीफ शब्द कुठंच नव्हता, 'टेंडरलॉइन' होता. पहिल्याच घासाला मला आजी आठवली. चुलीच्या निखाऱ्यावर ती चान्या भाजायची, त्याचा वास तोच. बिल माझ्या मेसच्या आठवड्याच्या पैशांएवढं झालं. टेबलावरचे सगळे त्या तुकड्याचं कौतुक करत होते. त्यातल्याच एकीनं पहिल्या वर्षी आमच्या हॉस्टेलच्या मजल्यावर "कसला घाण वास येतोय" म्हणून वॉर्डनकडे तक्रार केली होती. माझ्या ट्रंकेत आईनं पाठवलेल्या चान्या होत्या.

तेच मांस. हॉटेलात टेंडरलॉइन आणि ट्रंकेत घाण.

तर तंजावरात मी आणि माझी तमिळ सहकारी, तीही संशोधक, आम्ही दोघी एका रविवारी सकाळी निघालो. बाजारात चिकन-मटणाची दुकानं दर्शनी भागात. मोठे फलक, भाव लिहिलेले, सोललेले बकरे आकड्यांना टांगलेले. बीफ कुठं मिळेल असं विचारलं की माणूस आधी आवाज खाली आणतो, मग हात लांब करतो. तिकडे. रुळांच्या पलीकडे. कालव्याच्या कडेनं. तिथं हिरव्या जाळीच्या आडोशाला एक टपरी. फलक नाही, नळ नाही, फ्रीज नाही. चिंचेच्या लाकडाचा ओंडका, एक सुरा, एक कुऱ्हाड आणि दोन बादल्या पाणी. समोर रांग, बहुतेक चेरीतली माणसं. आम्ही दोघीच बायका.

"भाई, अंडरकट मिळेल का? अख्खा, न तोडता?"

भाई हसले. "अम्मा, ते हॉटेलचं असतं. आदल्या रात्रीच सांगून ठेवतात."

अंडरकट म्हणजे पाठीच्या कण्याला आतून चिकटलेल्या दोन पट्ट्या. जनावर आयुष्यभर ओझं ओढतं, पण या स्नायूला फार काम पडत नाही, म्हणून तो मऊ राहतो. एका जनावरामागे दोनच. त्या शहरातल्या हॉटेलात जातात आणि तिथं त्यांचं नाव बदलतं. उरलेलं सगळं, हाडासकट, कुऱ्हाडीनं फोडून करी कट होऊन चेरीत येतं. म्हणजे आपण खातो ते मांस हलकं असतं असं नाही. एकाच जनावराचे दोन बाजार आहेत. मऊ भाग पैशाकडे जातो, चिवट भाग जातीकडे येतो.

आणि तो चिवट का असतो? इथं उंबळच्चेरी नावाची बैलांची जात आहे. तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनमच्या भातशेतीतली. गुडघाभर चिखलात नांगर ओढायला हीच जात. ट्रॅक्टर आले तशी त्यांची संख्या घटली. म्हातारा झालेला बैल मालक बाजारात विकतो, मणप्पारैसारख्या मोठ्या गुरांच्या बाजारात. मालक बहुतेक वेळा वरच्या किंवा मधल्या जातीचा असतो आणि त्या पैशात पुढचं जनावर किंवा मुलाची फी निघते. माट्टु पोंगलला त्याच बैलाची शिंगं रंगवून पूजा झालेली असते. दाव्याला असेपर्यंत देव, बाजारात उभा केला की पैसा आणि आमच्या ताटात आला की विटाळ.

म्हाताऱ्या, कष्टलेल्या जनावराचं मांस चिवट असणारच. पण ते मऊ करायचं शास्त्र जगभर माहीत आहे. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात. थंड खोलीत टांगून ठेवलं की मांसातलीच द्रव्यं त्याला हळूहळू सैल करतात. भाईंकडे पहाटे कापलेलं जनावर सकाळी नऊपर्यंत संपतं, कारण ठेवायला जागाच नाही. तमिळनाडूच्या उन्हात दुपारपर्यंत टिकणार कसं? म्हणून ते आखडलेलं मांस आपल्या कुकरमध्ये येतं, दहा-बारा शिट्ट्या खातं आणि मग आपणच म्हणतो, बीफ चिवटच असतं.

आता याच देशाचं दुसरं चित्र बघा. भारत म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत जगातल्या आघाडीच्या देशांपैकी एक आहे. निर्यातीच्या कत्तलखान्यांत पशुवैद्य असतात, शीतगृहं असतात. लाळ-खुरकूत रोगाच्या आंतरराष्ट्रीय निकषांमुळे मांस किमान २४ तास थंडाव्यात मुरवून, हाडं आणि ग्रंथी काढून मगच पुढे पाठवलं जातं. व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्तच्या गिऱ्हाइकासाठी हे सगळं या देशाला जमतं. कालव्यापलीकडच्या गिऱ्हाइकासाठी साधा नळ जमत नाही. यात पैशाचा किंवा तंत्रज्ञानाचा प्रश्नच नाही. कुणाच्या पोटाची काळजी घ्यायची आणि कुणाच्या नाही, हे आधीच ठरलेलं आहे.

"पण तामिळनाडूत कुठं बंदी आहे?" असं पुण्या-मुंबईचे पुरोगामी मित्र मला विचारतात. त्यांना वाटतं मी पेरियारच्या भूमीत मजेत आहे. जरा नियम वाचूया. १९५८च्या तामिळनाडू पशुसंरक्षण कायद्यानं दहा वर्षांवरच्या, कामाला आणि पैदाशीला निकामी झालेल्या जनावरालाच कत्तलीचा दाखला मिळतो. १९७६च्या शासन आदेशानं गाय आणि कालवडीची कत्तल बंद आहे. म्हणजे कायद्यानंच ठरवून टाकलं की गरिबाच्या ताटात म्हातारंच जनावर येईल. मे २०१७मध्ये केंद्रानं गुरांच्या बाजारात कत्तलीसाठी विक्री बंद करणारे नियम आणले, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं त्यांना स्थगिती दिली. ते चांगलंच झालं. पण जुलै २०१९मध्ये याच त्रिभुज प्रदेशात, नागपट्टिनम जिल्ह्यातल्या पोरवाचेरीत, बीफ सूप पितानाचा फोटो फेसबुकवर टाकला म्हणून एका मुस्लिम तरुणाला टोळक्यानं मारलं. मे २०२२मध्ये अंबूरला सरकारी बिर्याणी महोत्सव ठरला आणि त्यातून बीफ बिर्याणी वगळली गेली. ज्या अंबूरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बीफ बिर्याणी खातात, तिथं! राज्याच्या अनुसूचित जाती-जमाती आयोगानं हा भेदभाव असल्याचं सांगत नोटीस काढली. महोत्सव पावसाचं कारण देऊन पुढे ढकलला गेला. बंदी नसलेल्या राज्यातही मोरी आणि आडोसा आपल्याच वाट्याला येतो.

महाराष्ट्राचं तर विचारूच नका. १९९५ला मंजूर झालेल्या दुरुस्तीला २०१५ला राष्ट्रपतींची सही मिळाली आणि बैलही बंद झाला. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद. ६ मे २०१६ला मुंबई उच्च न्यायालयानं परराज्यातून आलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा नाही म्हटलं, एवढाच दिलासा. तेव्हा इंग्रजी पेपरांत हळहळ होती ती हॉटेलांच्या मेनूतून स्टेक गेल्याची. आमच्या तालुक्यात कुरेशी समाजाची दुकानं बंद पडली, शेतकऱ्याचा म्हातारा बैल खुंट्याला अडकला आणि आजीच्या दोरीवरच्या चान्या गेल्या, याची बातमी कुठं आली?

या भागात गाईचं शेणही एक हत्यार होतं. तंजावरच्या मिरासदारांच्या शेतावर पिढीजात राबणारे दलित मजूर, पण्णैयाळ, चुकले किंवा मजुरी मागितली तर त्यांना दोन शिक्षा होत्या. चाबकाचे फटके आणि साणिप्पाल, म्हणजे शेण कालवलेलं पाणी पाजणं. गाईचं शेण माणसाच्या घशात ओतताना त्यांना पाप वाटलं नाही. त्याच माणसानं बैलाचं मांस विकत घेऊन खाल्लं की मात्र धर्म बुडतो. याच जुन्या तंजावर जिल्ह्यात, कीळवेणमणीला, २५ डिसेंबर १९६८च्या रात्री ४४ दलितांना एका झोपडीत जाळलं. भांडण मजुरीच्या भाताच्या मापावरून होतं. पोटभर मागण्याची किंमत इथं काय होती, हे चेरीतल्या म्हाताऱ्यांना सांगावं लागत नाही. आपल्याला २५ डिसेंबर महाडच्या मनुस्मृती दहनासाठी आठवतो, त्याच्या शेजारी ही तारीखही लिहून ठेवा.

आमच्या समाजशास्त्रानं यात काय पाहिलं? एम. ए.ला संस्कृतीकरणावर दहा मार्कांचं उत्तर आपण सगळ्यांनी लिहिलंय. खालच्या जातीनं मांस-दारू सोडली की एक-दोन पिढ्यांत ती वर सरकते, असं एम. एन. श्रीनिवास सांगतात. आंद्रे बेतेई यांचं 'कास्ट, क्लास अँड पॉवर' (१९६५) तर तंजावरच्याच एका गावावर आहे. ते अग्रहारात ब्राह्मणाच्या घरी राहिले आणि त्यामुळे चेरीत मोकळेपणानं वावरता आलं नाही, हे त्यांनी स्वतः प्रांजळपणे नोंदवलंय. मी त्यांच्यावर राग धरत नाही. पण संशोधक कुणाच्या घरी जेवतो यावर त्याला काय दिसतं हे ठरतं, एवढं आपण शिकायला हवं. ज्या अक्कांकडे मी जेवते, त्यांच्या ओसरीवरच्या तारेवर उप्पुकंडम वाळत असतं. मीठ-हळद लावून वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. पहिल्या दिवशी ते बघून मी मराठीतच ओरडले, "अगं, चान्या!" हजार किलोमीटरवर, वेगळ्या भाषेत, त्याच माणसांनी तेच शोधून काढलं होतं. शीतगृह नसलेल्यांचं शीतगृह.

आपल्याच लोकांचे दोन आक्षेप आहेत, तेही घेते.

पहिला, बाबासाहेबांनी तर हे सोडायला सांगितलं होतं. काय सोडायला सांगितलं होतं ते नीट बघा. १९२७च्या महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या ढोराचं मांस आणि शिळ्यापाक्या तुकड्यांची लाचारी सोडायला सांगितली. गावानं मेलेलं जनावर आपल्या अंगावर टाकायचं आणि आपण ते ओढत न्यायचं, त्या सक्तीविरुद्धचं ते बंड होतं. १९४८च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांनीच दाखवलं की एके काळी ब्राह्मणही गोमांस खात होते आणि गोमांसाचा आणि अस्पृश्यतेचा संबंध कसा जुळला. मी मागतेय ते फेकलेलं मांस नाही. मी मागतेय ते डॉक्टरनं तपासलेलं, स्वच्छ जागी कापलेलं, भाव लिहून विकलेलं, माझ्या पैशानं घेतलेलं मांस. माझ्या समजुतीप्रमाणे ही महाडचीच पुढची पायरी आहे. आणि ज्याला खायचं नाही त्यानं खुशाल खाऊ नये. माझी आई आता खात नाही, तिला कुणी काही म्हणत नाही.

दुसरा आक्षेप, स्टेक हे श्रीमंतांचं चोचलं. चोचलं कशात आहे? जाड तुकडा, धाग्याला आडवा कापलेला, मीठ, मिरी आणि तापलेला तवा. मसाल्याचा खर्च नाही, गॅस दहा मिनिटं. मांस चांगलं असेल तर हा जगातला सगळ्यात साधा स्वयंपाक आहे. वाईट मांस झाकायलाच जास्त मसाला आणि जास्त शिट्ट्या लागतात. चवीला चांगलं खाणं ही सवर्णांची मक्तेदारी आणि आपण फक्त जगण्यापुरतं खायचं, हे आपल्या डोक्यात कुणी भरलं?

शेवटी भाईंशी ओळख झाली. मांडीचा एक बिनहाडाचा तुकडा ते आमच्यासाठी अख्खा ठेवू लागले, अंडरकटच्या निम्म्या भावात. आम्ही तो कच्च्या पपईचा कीस चोळून थोडा वेळ ठेवला, कारण चिवट मांसाला पपई लागते, पण जास्त वेळ ठेवलं तर त्याचा लगदा होतो. वरून वेदारण्यमचं मीठ आणि मिरी. अक्कांच्या दोसैक्कलवर, म्हणजे डोशाच्या लोखंडी तव्यावर, दोन्ही बाजूंनी भाजलं आणि पाच मिनिटं झाकून ठेवून मग आडवं कापलं. अक्का आधी म्हणाल्या, "एवढंसंच? रस्सा कुठंय?" मग एक तुकडा चघळला आणि म्हणाल्या, "हे आम्हाला इतकी वर्षं कुणी का दिलं नाही?"

हाच प्रश्न मला आपल्या चळवळीला विचारायचाय. २०१२ला उस्मानियात बीफ फेस्टिव्हल झाला, २०१७ला आयआयटी मद्रासमध्ये झाला आणि त्यानंतर तिथल्या एका विद्यार्थ्याला मारहाण झाली. त्या पोरांच्या धैर्याला सलाम. पण फेस्टिव्हल एक दिवसाचा असतो. भाईंची टपरी बाकीचे ३६४ दिवस आडोशालाच राहते. आपण खाण्याचा हक्क मागितला, चांगलं खाण्याचा हक्क मागायचा राहून गेला. हक्काला नळ लागतो, आकडा लागतो, फ्रीज लागतो, पशुवैद्य लागतो आणि दर्शनी भागात फलक लागतो.

आणि हे मागायला नवीन कायदा लागत नाही. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेल्यांना पाठ असेल: ७४वी घटनादुरुस्ती, बारावी अनुसूची, १८वा विषय, कत्तलखाने आणि कातडी कमावण्याच्या जागांचं नियमन. हे काम नगरपालिकेचं आहे. २००१चे कत्तलखान्यांचे नियम सांगतात की प्रत्येक जनावर पशुवैद्यानं तपासायचं, तासाला १२ आणि दिवसाला ९६पेक्षा जास्त नाही. कागदावर आपल्या ताटाची एवढी काळजी आहे. ती कागदावरून ओंडक्यापर्यंत आणायचं काम आपलं.

म्हणून एक विनंती. तुमच्या शहराच्या पालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये लागतात. पाच प्रश्न विचारा. शहरात परवानाधारक कत्तलखाने किती? तिथं पशुवैद्य कोणत्या दिवशी, किती वाजता असतो? पाण्याची आणि सांडपाण्याची सोय काय? शीतगृह आहे का? गेल्या पाच वर्षांत त्यावर किती रुपये खर्च झाले? महाराष्ट्रात असाल तर म्हशीच्या मांसासाठी विचारा, ते आजही कायदेशीर आहे. उत्तर आलं की ते घेऊन खाटिक-कुरेशी दुकानदारांकडे जा, त्यांच्याबरोबर बसा. त्यांचा धंदा आणि आपलं पोट एकाच टपरीवर टांगलेलं आहे. आपण घरातले पहिले शिकलेले आहोत. अर्ज लिहिता येतो, याचा काही उपयोग आपल्या माणसांच्या ताटापर्यंत पोहोचू द्या.

माझा तंजावरचा अर्ज टाकून झालाय. हिमोग्लोबिन आता साडेदहा आहे. डॉक्टरबाईंना वाटतं, खजुरानं वाढलं.

जय भीम.